शेवटचे दोनशे फूट

"पडद्याकडे बघ, मंदा. माझ्याकडे नको. आकडे तेवढे वाच."

मी पडद्याकडे बघत होते. "तीन हजार फूट. वेग एकशे ऐंशी."

"शाब्बास. आता ती खूण सरकत सरकत मध्ये येईल. आली?"

"आली."

"लोकलायझर धरला त्याने. आता ग्लाइडस्लोप येईल, तोही धरेल. बघ, आपण काही करायचं नाही. सगळं तो करतो."

'तो' म्हणजे ऑटोपायलट. त्या श्रावण-भाद्रपदात आमच्या घरात त्याचं नाव एखाद्या हुशार जावयासारखं कौतुकाने घेतलं जायचं.

"चाकं?"

मी मांडीवरच्या कीबोर्डची कळ दाबली. "चाकं खाली."

विमान ढगातून खाली येत होतं. पडद्यावर नुसतं पांढरं. मग एकदम दिव्यांची रांग आणि पार्ल्याची आमचीच धावपट्टी. शेवटच्या क्षणी ह्यांनी ऑटोपायलट काढला, एक झटका दिला आणि विमान धप्पकन टेकलं.

"झालं! बघितलंस? कॅप्टन श्रीरंग केळुसकर अजून जिवंत आहे!"

हे खरेखुरे पायलट. एका विमान कंपनीत कॅप्टन. दर सहा महिन्यांनी पायलटांची चाचणी असते, एका मोठ्या यंत्रात. आत बसलं की हुबेहूब विमान, फक्त जमिनीवर घट्ट बसवलेलं. इतकी वर्षं हे त्या चाचणीला भाजी आणायला जावं तसे जाऊन यायचे. त्या वर्षी मात्र लेक शिकायला बंगळूरला गेली आणि तिच्या खोलीतल्या टेबलावर ह्यांनी सिम्युलेटर मांडला. दोन पडदे, टेबलाला आवळलेलं स्टिअरिंगसारखं एक योक, पायाशी पेडल. नापास झालो तर उडणं बंद, एवढं सांगून मला शेजारी बसवलं. कळा मी दाबायच्या, आकडे मी वाचायचे.

मी शिकले. पोथी पाठ होते तसं तेही पाठ झालं. ढगात धावपट्टी दिसत नाही तेव्हा जमिनीवरून दोन किरण विमानाकडे येतात. एक, लोकलायझर, सांगतो डावीकडे आहेस की उजवीकडे, दुसरा, ग्लाइडस्लोप, सांगतो वर आहेस की खाली. दोन्ही काटे मध्ये ठेवत यायचं. अशा उतरण्याला आयएलएस म्हणतात. ऑटोपायलटला सोपवलं तर तो ते किरण धरून स्वतः खाली आणतो. शेवटच्या दोनशे फुटांवर मात्र माणसाने बघायचं. धावपट्टी दिसली तर ऑटोपायलट काढून हाताने टेकवायचं, नाही दिसली तर पुन्हा वर जायचं.

"आणि ही झेडची कळ चुकूनसुद्धा दाबायची नाही," हे म्हणाले होते. "ती दाबली की तो सुटतो."

माझे नेम ह्यांना ठाऊक होते. सकाळी पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. दिवेलागणीनंतर आवाज चढवत नाही, हा आईने घातलेला नेम, लग्नाच्या आधीपासूनचा. हे चेष्टेने म्हणायचे, "भांडायचं असेल तर दुपारी भांड बाई, संध्याकाळी तुझं भांडण मला ऐकूच येत नाही."

मला वाटायचं, कंपनीत कडक परीक्षक आला असेल, म्हणून हा सराव. दुसरं काही मनात आलं नाही.

मग गणपती आले.

पहिल्या दिवशी ह्यांच्याबरोबर उडणारी फर्स्ट ऑफिसर दर्शनाला आली. इशा पारधी, अमरावतीची, लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. पेढ्यांचा डबा माझ्या हातात ठेवून पाया पडली.

"काकू, सरांसारखा कॅप्टन नाही हो. बाकीचे चांगलं हवामान असलं की लँडिंग स्वतः घेतात. सर प्रत्येक वेळी म्हणतात, पारधी, तू उतरव. माझ्या बॅचमध्ये इतकी लँडिंग कुणाचीच झालेली नाहीत."

"मग पेढे कमी आणलेस," हे म्हणाले. सगळे हसले. ह्यांनी दोन पेढे खाल्ले.

संध्याकाळी आरती. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटा, अशी आरती हे वर्षानुवर्षं करत आलेले. आरती संपली, मंत्रपुष्पांजलीला सगळे हात जोडून उभे राहिले, आणि घंटा वाजतच राहिली. बारीक, टिणटिण. जाऊबाईंच्या मुलाने हसून मागे बघितलं. ह्यांनी घंटा पटकन पाटावर आडवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आरती तू कर. माझा घसा बसलाय."

घसा बसलेल्या माणसाला घंटा वाजवता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पडद्याकडे बघितलं नाही. कॅप्टन डावीकडे बसतो, त्याचा डावा हात योकवर असतो. ह्यांनी डावं कोपर बरगडीला दाबून धरलं होतं आणि मनगट खुर्चीच्या हातावर रेटलं होतं. तरी बोटं थरथरत होती. ऑटोपायलट चालू होता म्हणून त्या बोटांचं विमानाला काही कळत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून? आकडे वाच."

"अहो, कधीपासून?"

ह्यांनी खुर्ची मागे सारली. मग उठले, मला दंडाला धरून देवघरापुढे नेलं. गणपतीसमोर समई तेवत होती. "मंदा, ही चाचणी होऊ दे. झाली की मी स्वतः डॉक्टरकडे जाईन. देवाशपथ. पण तोवर तू कुणाला सांगायचं नाहीस. घे शपथ. ठेव हात."

"तोवर उडणार नाही ना?"

"रजा टाकतो मी. ठेव हात."

मी हात ठेवला. मी देवापुढे बोललेला शब्द फिरवत नाही, हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिथे नेलं. मला हे समजायला रात्र गेली, आणि समजलं तेव्हा जो राग आला, तो मी कधी कुणावर केला नव्हता. माझा देव ह्यांनी कुलपासारखा वापरला होता.

रजा टाकली नाही. "माणसं कमी आहेत, कंपनी सोडत नाही," म्हणाले. रोज सकाळी गाडी यायची, हे जायचे, आणि हे परत येईपर्यंत मी माळ ओढत बसायचे. विमान डोक्यावरून गेलं की मणी बोटांतच थांबायचा.

चाचणीच्या दोन दिवस आधी कारखानीस आले. अरविंद कारखानीस, ह्यांचे जुने मित्र, एकत्र शिकलेले, आणि आता कंपनीचे परीक्षक. दिवे नुकतेच लागले होते.

"वहिनी, आज कसला उपास? गुरुवार, चतुर्थी की अरविंद आला म्हणून?"

"आज नाही भावजी. बसा, चहा टाकते."

"नाही? अरेरे. माझी बायको म्हणते, केळुसकर वहिनींच्या पुण्यावरच आपल्या कंपनीची विमानं उडतात. इंधन नुसतं नावाला."

"मग इंधनाचे पैसे वहिनींना द्या म्हणावं," हे म्हणाले.

मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं लेकीच्या खोलीत पडद्यासमोर होते. कारखानिसांनी आवाज खाली आणला नव्हता. मला काय कळतंय, असंच त्यांना वाटत असणार.

"ऐक रंग्या. नियमाप्रमाणे एक आयएलएस हाताने करायला लावावा लागतो, एक इंजिन बंद ठेवून. तो मी लावणारच नाही. तू ऑटोपायलट लावूनच ये. खाली दोनशेवर काढ, टेकव, संपलं. तेवढं जमतंय ना?"

"जमतंय."

"मग झालं तर. उद्या नागपूरची फ्लाइट आहे ना तुझी? कर ती. परवा माझ्याकडे. सहा महिन्यांची निश्चिंती. पुढचं पुढे."

माझ्या हातात कप होते. ते मी टेबलावर ठेवले.

"म्हणजे हाताने उतरवणं चाचणीत होणारच नाही?"

कारखानीस दचकले, मग हसले. "अरे वा! वहिनी कोपायलट झाल्या की! अहो वहिनी, तुम्ही नाही का सगळं देवावर सोडत? तसं आम्ही ऑटोपायलटवर सोडतो."

"देवाला मी कधी म्हटलं नाही भावजी, की माझ्या पोळ्या तू लाट."

"हा हा! बघ रंग्या, बघ! अगदी हळू बोलतात, पण चिमटा कसा लागतो!"

हे हसले नाहीत. ह्यांचा डावा हात खिशात होता. कारखानिसांनी चहा संपवला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली. दारात मला म्हणाले, "काळजी करू नका वहिनी. मी आहे ना." त्यांना खरोखरच वाटत होतं की ते आमच्यावर उपकार करत आहेत. मित्राला सांभाळून घेतोय, असंच त्यांचा चेहरा सांगत होता. मला त्या चेहऱ्याचाच जास्त संताप आला.

दार लावून मी आत आले. हे खुर्चीत बसले होते, पुन्हा सगळं चालू करून.

"ये. एकदा करू आणि जेवू. हवामान खराब लावलंय बघ, ढग अगदी खाली."

मी बसले. कीबोर्ड मांडीवर घेतला. आवाज नेहमीसारखाच निघाला. "तीन हजार. वेग एकशे ऐंशी."

"लोकलायझर?"

"धरला."

"ग्लाइडस्लोप?"

"धरला."

"चाकं?"

"चाकं खाली."

"छान. आता हात मांडीवर ठेवून बसायचं. तो बघतो."

पंधराशे फुटांवर मी झेड दाबलं.

भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

"अगं! काय केलंस? काय दाबलंस?"

विमानात हाताचा ताबा एकाने दुसऱ्याला देताना जे म्हणायचं असतं, ते ह्यांनीच मला शिकवलं होतं. "यू हॅव कंट्रोल," मी म्हटलं.

ह्यांनी योक धरलं. विमान डावीकडे कललं, मग जास्तच उजवीकडे. मला वाटत होतं, हात थरथरतो एवढंच. पण तो उशिराही चालत होता. हे मनात जे ठरवत होते ते हाताला मागाहून कळत होतं, आणि तोवर काटा निघून गेलेला असे.

"उंची! उंची सांग!"

"नऊशे."

"काटा?"

"पूर्ण डावीकडे. वर घ्या."

"घेतोय!"

"सहाशे. वर जात नाहीये. खालीच येतंय."

"घेतोय म्हटलं ना!"

ढग फाटले तेव्हा समोर धावपट्टी नव्हती. इमारती होत्या. गच्च्या, टाक्या, वाळत घातल्यासारखे काही चौकोन. पडदा हलला आणि थिजला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

ह्यांनी योक इतक्या जोरात ढकललं की टेबलाचा चिमटा सुटला. "वेड लागलंय का तुला? असं मध्येच कुणी ऑटोपायलट काढतं? हा खेळ आहे, मंदा! खेळ!"

"खेळ आहे म्हणूनच दाबलं."

"काय सिद्ध करायचं होतं?"

"आत किती माणसं होती?"

"कुठे?"

"विमानात."

"कुणी नव्हतं! कॉम्प्युटरमध्ये माणसं नसतात!"

"उद्याच्या नागपूरच्या फ्लाइटमध्ये?"

हे उठून उभे राहिले. मीही उठले. माझे कान तापले होते, पण आवाज चढला नव्हता. न चढलेला राग फार जड असतो. छातीवर दगड ठेवून बोलल्यासारखं होतं.

"उद्या मी उतरवणारच नाहीये," हे म्हणाले. "दोन पायलट असतात. पारधी उतरवेल. ती उत्तम उतरवते, माझ्यापेक्षा चांगली."

"तिला माहीत आहे?"

"काय?"

"की विमानात ती एकटीच पायलट आहे."

ह्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

"ती पेढे घेऊन आली होती," मी म्हटलं. "सर मला लँडिंग देतात म्हणून. माझ्या पाया पडली. तुम्ही दोन खाल्लेत."

"मंदा…"

"तिला उद्या चक्कर आली, एखादा पक्षी काचेवर आपटला, काही झालं, तर ती तुमच्याकडे बघणार. सर आहेत म्हणून. आणि सर काय करणार? तो बघतो म्हणणार?"

"तू शपथ घेतली आहेस," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"पाळली आहे. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. एक कळ दाबली."

हे खाली बसले. त्या थिजलेल्या इमारतींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला दुसरं काय येतं गं? विसाव्या वर्षापासून हेच करतोय. खाली जमिनीवर मी कोण आहे? गाडी चालवायला ड्रायव्हर, भाजी आणायला तू. मी वर आहे म्हणून मी आहे."

एखादी बायको अशा वेळी जवळ गेली असती. मीही एरवी गेले असते. त्या दिवशी गेले नाही. "खाली तुम्ही कोण, ते आपण शोधू," मी म्हटलं. "तुम्ही धड खाली आलात तर शोधता येईल."

ह्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. उजवा. "ठीक आहे. चल. देवासमोर सांगतो तुला…"

"नाही."

मी दारात उभी राहिले. देवघराकडे जायची वाट तिथूनच होती.

"त्याला मध्ये घ्यायचं नाही. एकदा घेतलंत, मी गप्प बसले. देव म्हणजे तुमचा कारखानीस नाही, सांभाळून घ्यायला. जे सांगायचं ते मला सांगा. माझ्याकडे बघून."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला देवघरात जाण्यापासून अडवलं होतं. तेही घरच्या कर्त्या पुरुषाला. हे माझ्याकडे असे बघत होते जणू घरात दुसरंच कुणी शिरलंय.

"काय सांगू?"

"उद्या काय करणार, ते."

"उद्या… उद्या फ्लाइट घेणार नाही. कंपनीच्या डॉक्टरांकडे जाईन. हात दाखवीन. अरविंदला सांगेन, चाचणी नको."

"आणि पारधी?"

"तिलाही सांगेन."

"तिला आधी."

"तिला काय तोंड दाखवू, मंदा?"

"तिला आधी," मी पुन्हा म्हटलं.

"तिला आधी," हे म्हणाले.

मी 'बरं' म्हटलं नाही. पानं घेतली. हे जेवायला बसले, मी वाढलं. पुन्हा भात हवा का, एवढंसुद्धा विचारलं नाही. रजा टाकतो म्हणणारं तोंड तेच होतं आणि डॉक्टरकडे जातो म्हणणारंही तेच. त्यावर विश्वास ठेवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. हे गेले नाहीत तर मी काय करणार, तेही मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. देवाला हात जोडून शपथ परत करायची आणि पारधीला स्वतः फोन लावायचा. त्याचं जे पाप लागेल ते लागेल.

सकाळी उजाडताच मी पूजेला बसले. दाराकडे पाठ, तोंडात शब्द नाही. मागे हे उठल्याचं कळलं. न्हाणीघरात पाणी, कपाटाचं दार. गणवेश मी इस्त्री करून बाहेर टांगला नव्हता. हवा असता तर ह्यांनाच काढावा लागला असता. मी चंदन उगाळत राहिले. खोड नुसतं फिरत होतं, गंध कधीच पुरेसं झालं होतं.

मग फोनचं बोलणं ऐकू आलं.

"पारधी, मी केळुसकर. ऑपरेशन्सला कळवलंय, आज तुझ्याबरोबर दुसरा कॅप्टन असेल… नाही, बरं आहे. म्हणजे बरं नाही. थांब, तू बोलू नकोस, मला आधी बोलून घेऊ दे. गेले काही महिने मी तुला लँडिंग देत होतो ना, ते का, ते सांगायचंय."

पुढचं बोलणं हळू झालं. मला शब्द कळले नाहीत. मध्ये बराच वेळ हे काहीच बोलत नव्हते, फक्त "हं" म्हणत होते. ती काय म्हणाली, ते ह्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. तिने काहीही म्हटलं असलं तरी तो तिचा हक्क होता.

फोन ठेवल्याचा आवाज आला. हे देवघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मी पूजेत बोलत नाही हे माहीत असूनही क्षणभर थांबले, मी वळून बघेन अशी आशा असावी. माझा राग अजून तसाच होता. मी फूल देवाला वाहिलं.

चपलांचा आवाज झाला नाही. हातात घेतल्या असणार. दारही असं ओढलं की कडी वाजली नाही. लिफ्टची घरघर आली नाही, हे जिन्याने उतरले. तेव्हा मी उठले आणि गॅलरीत गेले.

खाली गुरखा फाटकाशी होता. "साब, आज गाडी नहीं आयी?"

"गाडी नको सांगितलीय," हे मराठीतच म्हणाले. अंगात साधा चौकटीचा शर्ट होता. फाटकाबाहेर थांबून ह्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या. विमानतळाकडे जायचा रस्ता डावीकडे. हे उजवीकडे वळले, कंपनीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता त्या बाजूला, आणि दुकानांच्या बंद फळ्यांसमोरून, शाळेला निघालेल्या मुलांना वाट देत, चालू लागले.